फळावरचं औषध किती दिवस राहतं? शेवटच्या फवाऱ्यापासून घरातल्या ताटापर्यंत

पारोळ्याच्या माझ्या आत्या दर हिवाळ्यात आमच्या बांधावर येतात आणि बोराच्या झाडाखाली उभ्या राहून एकच प्रश्न विचारतात: "औसद कितला दिन ऱ्हास रे भो?" ओंजळ भरलेली असते, नातवंडं पदराला लोंबकळत असतात आणि बोर धुण्याइतका धीर कुणालाच नसतो. केळी सोलतात, पपई कापतात, पण बोर झाडावरून थेट तोंडात जातं. मग उत्तर द्यायचं तर ते नीट द्यायला हवं.

मी गिरणाकाठी, भडगाव तालुक्यात लिंबू आणि थोडी बोरं करतो. त्याआधी काही वर्षं फळांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. फळावरचं औषध खरं कमी होतं ते शेतात आणि दिवस गेल्यावर. घरातल्या घमेल्यात त्यातलं थोडंच निघतं. म्हणून हा लेख आधी बागवाल्यासाठी आहे, मग घरच्यांसाठी.

आधी समजून घ्या: औषध जातं कुठे?

फवारा बसला की त्याच घटकेपासून औषध कमी व्हायला लागतं, आणि त्याला बऱ्याच वाटा असतात. काही भाग वाफ होऊन उडतो. काही उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतो. दव आणि पाण्याच्या संपर्कात काही रेणूंचं विघटन होतं, पावसाने काही धुऊन खाली जातं. जे सालीतून आत शिरतं त्याला फळातली विकरं हळूहळू बदलतात.

आणखी एक वाट लोक विसरतात, ती म्हणजे फळाची वाढ. दहा ग्रॅमच्या लिंबावर जेवढं औषध बसलं तेवढंच चाळीस ग्रॅमच्या लिंबावर राहिलं, तरी किलोमागचं प्रमाण चौथाईवर येतं. औषधाचा एक कणही तुटला नाही तरी! म्हणून गोटीएवढ्या फळावरचा फवारा आणि तोडणीला आलेल्या फळावरचा फवारा यांची बरोबरी होत नाही. पिवळं पडू लागलेलं लिंबू आता वाढणार नसतं, त्यामुळे त्याला ही मदत मिळत नाही.

हे कमी होणं सरळ रेषेत होत नाही. निम्मं, मग त्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं, असं होतं. निम्मं व्हायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू: फवाऱ्यानंतर फळावर किलोला २ मिलिग्रॅम औषध आहे आणि अर्धायुष्य ३ दिवस. तिसऱ्या दिवशी १ उरतं, सहाव्या दिवशी ०.५, नवव्या दिवशी ०.२५. माल जाणार त्या बाजारात चालणारी कमाल मर्यादा ०.५ असेल तर सहा दिवसांत काम झालं. मर्यादा ०.०१ असेल तर मात्र जवळजवळ आठ वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे चोवीस दिवस. औषध तेच, झाड तेच, फक्त माल कुठे जाणार यावर सहाचे चोवीस दिवस होतात.

प्रत्यक्षात शेपूट याहून लांब असतं. वरवर बसलेला भाग पहिल्या काही दिवसांत झपाट्याने जातो, सालीच्या मेणात मुरलेला भाग रेंगाळतो. म्हणून सुरुवातीचा वेग बघून शेवटच्या दिवसाचा अंदाज बांधू नये.

पायरी १: डब्यावरचं ब्रँडनाव सोडा, घटकाचं नाव वाचा

दुकानात औषध ब्रँडच्या नावाने विकलं जातं आणि एकच घटक दहा नावांनी येतो. लेबलवर लहान अक्षरात घटकाचं नाव आणि टक्केवारी असते, ते वहीत उतरवा. दोन वेगळी औषधं आलटून पालटून मारतो असं समजून एकच घटक दोनदा मारलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

नाव कळलं की प्रकार ओळखा.

स्पर्शजन्य औषध पृष्ठभागावर राहतं. मँकोझेब, गंधक, तांबेयुक्त बुरशीनाशकं ही या प्रकारची. पाऊस आणि धुणं यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. तांब्याबद्दल एक वेगळी नोंद ठेवा: तांबं हे मूलद्रव्य आहे, ते तुटतच नाही. लिंबावरच्या खैऱ्या रोगासाठी मारलेलं तांबं धुऊन निघेपर्यंत किंवा वाढीने विरळ होईपर्यंत तिथेच असतं. त्याला अर्धायुष्याचं गणित लावू नका.

आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. हे गरात पोचू शकतं, म्हणून साल काढून किंवा धुऊन ते पूर्ण जाईल असं धरू नका. त्याचा एकच उतारा आहे, दिवस.

तिसरा प्रकार मेणात मुरणाऱ्यांचा. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीनसारखी औषधं, क्लोरपायरीफॉससुद्धा, पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतात. ती सालीच्या मेणचट थरात घर करतात. गरात फारशी जात नाहीत, पण पाण्याच्या धारेखाली सहज निघतही नाहीत. साल काढली की बरीचशी जातात. आता विचार करा, बोराची साल कोण काढतं?

काही औषधं तुटताना दुसरं औषध तयार करतात, हे मला स्वतःच्या लिंबांनी शिकवलं. हस्त बहाराचा, म्हणजे पावसाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाचा, माल होता, आखातात पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने तपासणीचा अहवाल मागितला. मावा वाढला म्हणून मी एका दुकानातून सांगितलं ते औषध आणून फवारलं होतं. घटक ॲसिफेट. अहवालात ॲसिफेट तर आलंच, शेजारी मेथामिडोफॉस असं दुसरं नाव होतं, जे मी कधी विकतही आणलं नव्हतं. ॲसिफेट झाडात तुटलं की त्याचा काही भाग मेथामिडोफॉस होतो आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. त्या डब्याच्या माहितीपत्रकात लिंबाचं नावच नव्हतं. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी घडी उघडून वाचलं नाही. तो माल स्थानिक बाजारातही मी विकला नाही. खड्डा करून पुरला. त्या दिवशी आईने खड्ड्याकडे बघून काही विचारलं नाही, ते मला आजही आठवतं.

असंच डायमेथोएटपासून ओमेथोएट बनतं, कार्बोसल्फानपासून कार्बोफ्युरान, थायामेथोक्झामपासून क्लोथियानिडिन. प्रयोगशाळा बऱ्याचदा दोन्हींची बेरीज धरते. मूळ औषध दिसेनासं झालं म्हणजे फळ मोकळं झालं, असं म्हणता येत नाही.

पायरी २: माहितीपत्रकाची घडी उघडा

भारतात कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे. केंद्रीय मंडळ आणि नोंदणी समिती प्रत्येक औषधाला कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचं याची मंजुरी देते. यालाच आपण लेबल क्लेम म्हणतो. माहितीपत्रकात शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं तो आकडा असतो. व्यवहारात सगळे त्याला पीएचआय म्हणतात.

हा आकडा अंदाजाने टाकलेला नसतो. ठरलेल्या मात्रेत फवारून, दिवसागणिक फळं तोडून, तपासून तो काढतात. म्हणजे तो त्या पिकाचा आणि त्या मात्रेचा असतो. कपाशीचा पीएचआय लिंबाला लागू नाही, वांग्याचा पपईला नाही. आपल्या पिकाचं नाव पत्रकात नसेल तर थांबायचे दिवस कुणीच मोजलेले नसतात, आणि शेजारी, दुकानदार किंवा मोबाइलवरचा कुणी सांगतो तो आकडा हवेतला असतो.

फळावर जास्तीत जास्त किती औषध उरलेलं चालतं, त्या मर्यादेचा आकडा म्हणजे एमआरएल. आपल्याकडे तो एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्नसुरक्षा संस्था, ठरवते. जिथे विशिष्ट मर्यादा ठरलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात, युरोपातही तसंच आहे. हा आकडा किती बारीक आहे ते असं बघा: ०.०१ म्हणजे १०० टनांत १ ग्रॅम. रावेरहून दहा टनी दहा ट्रक केळी निघाली, तर त्या सगळ्या मिळून एक ग्रॅम.

एमआरएल ओलांडला म्हणजे फळ खाणारा लगेच आजारी पडेल असं नाही. ती मर्यादा योग्य शेतीपद्धतीत किती अंश राहतो त्यावर बेतलेली असते, आरोग्याची पातळी वेगळी मोजतात. पण ओलांडला याचा अर्थ बहुधा कुणीतरी मात्रा, पीक किंवा दिवस चुकवले असा निघतो. अवशेषांच्या धास्तीने घरात फळंच बंद करणं मात्र चूक आहे.

बंदी आलेल्या औषधांची यादीही बदलत असते. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. घराच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर "पडून आहे तर संपवू" म्हणून ती बागेत मारू नका.

पायरी ३: तोडणीपासून उलटे दिवस मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे.

केळीचं सोपं. घड एकदाच कापायचा असतो. मृगबाग असो की कांदेबाग (लागवडीचे दोन हंगाम), निसवण झाल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, कापणीचा महिना कळतो, तिथून मागे मोजून शेवटचा फवारा ठरवता येतो. करप्यासाठी पानांवर मारलेलं औषध घडावर उडतंच, तेही धरा. आणि "साल काढून खातात, काय फरक पडतो" हे बोलू नका, कारण कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, पद्धतीत केळी सालीसकट तपासतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर परदेशी जाणारा घड सालीवरच्या अंशाने अडकू शकतो.

खरी पंचाईत लिंबू, बोर, पपई, पेरू यांची. आठवड्याला एक तोडा, म्हणजे तोडणीची फेरी, आणि झाडावर एकाच वेळी गोटी, कच्चं आणि तयार फळ. फवारा मारला की तयार फळावर बसतोच. मघाचेच आकडे घ्या, आणि दर सहाव्या दिवशी आधी एक तोडा होतो, मग लगेच पुढचा फवारा, असं धरा. पहिल्या फेरीत फळावर ०.५ उरलं, मर्यादेत आहे. पण त्यावर पुन्हा २ बसलं की २.५ झालं, सहा दिवसांनी ०.६२ उरलं. तिसऱ्या फेरीत ०.६५ च्या वर. प्रत्येक वेळी सहा दिवस प्रामाणिकपणे थांबूनही माल मर्यादेबाहेर गेला! आधीच्या फवाऱ्याचं उरलेलं पुढच्यात मिसळत जातं. त्यामुळे पत्रकात किती फवारण्या आणि दोन फवारण्यांत किती अंतर लिहिलंय तेही पाळावं लागतं. नुसत्या शेवटच्या दिवसांनी भागत नाही.

मी काय करतो ते सांगतो. लांब टिकणारी औषधं फुलोरा ते गोटी या काळातच संपवतो. तोडे सुरू झाले की ज्यांचा पीएचआय तोड्यांमधल्या अंतरात बसतो तेवढीच हातात घेतो. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर तुटतं, म्हणून ते संध्याकाळी. पेरूला फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे. आणि एखाद्या वेळी फवारावंच लागलं तर आधी तयार फळ सगळं तोडून घ्यायचं, मग फवारा, मग एक तोडा सोडून द्यायचा. त्या सोडलेल्या तोड्याचे पैसे जातात. ते खर्चात धरूनच बहार धरायचा.

शहादा-तळोद्याच्या पपईवाल्यांना एक विनंती. पांढरा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये देशात आला तेव्हा बागा गेल्या होत्या. २०१० मध्ये त्याच्यावर जगणारी परोपजीवी माशी आणून सोडली आणि प्रश्न बराच आटोक्यात आला. कडक औषधांच्या फवाऱ्यात आधी तीच मरते. मग ढेकूण पुन्हा उसळतो, मग पुन्हा फवारा, आणि अंश चढत जातो.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, घटक, लिटरला मात्रा, कोणता पट्टा, कोणत्या तारखेनंतर तोड. शेवटचा रकाना फवारतानाच भरायचा. तोडणीच्या दिवशी मजूर आलेले असतात, गाडी उभी असते, तेव्हा गणित होत नाही.

पायरी ४: पंपात शिस्त

टोपणाने माप घेणं बंद करा. टोपण डब्याडब्यागणिक वेगळं असतं. लिटरला अर्धा मिली मात्रा असेल तर पंधरा लिटरच्या पंपाला साडेसात मिली लागतं, आणि एक मोठं टोपण भरलं की ते सहज दुप्पट होतं. सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळते. ती औषधाच्या पेटीतच बांधून ठेवा, घरात नेऊ नका.

मात्रा दुप्पट झाली तर थांबायचे दिवस दुप्पट होत नाहीत, एक अर्धायुष्य वाढतं. आपल्या उदाहरणात सहाचे नऊ दिवस. पण पत्रकावर सहाच लिहिलेले असतात, आणि आपण सहाव्या दिवशी तोडतो.

आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी आहे. अशा पाण्यात बरीच ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं (ॲसिफेट, डायमेथोएट, क्लोरपायरीफॉस ज्या गटातली तो गट) टाकीतच तुटायला लागतात. कॅप्टान या बुरशीनाशकाचं उदाहरण टोकाचं आहे, पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते काही मिनिटांत निम्मं होतं. मग किडीला काही होत नाही, शेतकरी म्हणतो औषध हलकं निघालं, आणि चार दिवसांत दुसरं कडक औषध आणतो. अंशाच्या कितीतरी तक्रारी अशा पाण्यातून सुरू होतात. सामू पट्टीने तपासा, सायट्रिक ॲसिडने साडेपाच ते साडेसहापर्यंत आणा आणि द्रावण लगेच फवारा. तांबेयुक्त औषधांना मात्र हे करू नका. आम्लात तांबं जास्त विरघळतं आणि पान-फळ भाजतं.

स्टिकरने, म्हणजे औषध चिकटून राहावं म्हणून द्रावणात घालतात त्या पदार्थाने, औषध पावसात टिकतं, पण तेवढंच फळावरही टिकतं. पावसाळ्यात वाढत्या फळावर ते कामाचं आहे. तोडणी जवळ आल्यावर स्टिकर सोडा.

पायरी ५: खानदेशी हवेचा हिशेब

रासायनिक क्रिया ढोबळमानाने दहा अंशांना दुप्पट वेगाने होतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा उघड्यावरचं औषध झपाट्याने उडतं आणि तुटतं. डिसेंबरच्या रात्री दहा अंशांवर येतात, दिवस लहान, ऊन तिरकं. आणि बोरं याच दिवसांत येतात. म्हणजे जे फळ सालीसकट, न धुता, सगळ्यात जास्त मुलं खातात, ते नेमकं औषध सावकाश तुटण्याच्या हंगामात पिकतं. माझा स्वतःचा नियम असा आहे की थंडीत पत्रकातल्या दिवसांवर निम्मे आणखी धरायचे. सहा असतील तर नऊ.

झाडाच्या आतल्या फांदीवरचं फळ सावलीत असतं, तिथे औषध जास्त टिकतं. दाट झालेली बोर किंवा लिंबू उन्हाळ्यात छाटून मोकळी केली की भुरी कमी येते आणि ऊनही आतपर्यंत जातं. केळीच्या घडाला पिशवी घातली की ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. डाग पडत नाहीत हे चांगलं, पण पिशवीआधी मारलेलं औषधही आत सुरक्षित राहतं. त्यामुळे पिशवी असलेल्या घडाला उघड्या घडाएवढेच दिवस पुरतील असं समजू नका.

तोडल्यानंतर तर घड्याळ जवळपास थांबतं. शीतगृहात ऊन नाही, वारा नाही, वाढ नाही. फळ जेवढा अंश घेऊन आत गेलं जवळपास तेवढाच घेऊन बाहेर येतं. "दोन महिने ठेवलंय, आता काही राहिलं नसेल" यात तथ्य नाही.

न तुटणाऱ्या औषधाने काय होतं ते नाशिकच्या द्राक्षांनी २०१० मध्ये भोगलं. क्लोरमेक्वाट हे कीटकनाशकही नव्हतं, फांदीची वाढ रोखायला वापरायचं वाढनियंत्रक होतं. तरी ते मण्यांत उरलं आणि युरोपात माल अडकला. "फळ धरायच्या आधीच मारलं होतं" हे उत्तर प्रत्येक औषधाला चालत नाही.

पायरी ६: नमुना नीट काढा

निर्यातीचा किंवा मॉलचा माल असेल तर तोडणीच्या आठवडाभर आधी तपासणी करा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि तुम्ही मारलेले घटक तिच्या यादीत आहेत का ते आधी फोन करून विचारा. यादीत नसलेलं औषध अहवालात दिसत नाही आणि आपण उगाच खूश होतो.

बागेत वाकडीतिकडी चाल धरून, कडेची झाडं सोडून, वरून-खालून, आतून-बाहेरून फळं घ्या. लिंबू-पेरूसारखी मध्यम फळं एक किलो आणि किमान दहा नग, पपईसारखी मोठी दोन किलो आणि किमान पाच नग. फवारणी केलेल्या हाताने तोडू नका, धुऊ-पुसू नका. खताची किंवा बियाण्याची रिकामी पिशवी वापरली की त्यातला अंश तुमच्या नावावर येतो, म्हणून पिशवी नवी कोरी घ्या. बर्फाच्या डब्यात घालून शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत पोचवा.

तिथे फळ सगळं एकजीव दळतात, त्यातले दहा-पंधरा ग्रॅम घेऊन ॲसिटोनायट्राइल आणि क्षार घालून हलवतात, फिरवून वेगळं करतात आणि यंत्रावर चढवतात. एवढ्या छोट्या चमच्यावर तुमच्या अख्ख्या बागेचा निकाल लागतो, म्हणून नमुना काढताना घाई नको. अहवालात "बीएलक्यू" दिसलं तर त्याचा अर्थ शून्य असा नाही. यंत्र खात्रीने मोजू शकतं त्या पातळीच्या खाली, एवढाच.

पायरी ७: घरात

पाण्याच्या वाहत्या धारेखाली फळ हाताने चोळून धुवा, अर्धा ते एक मिनिट. बुडवून ठेवण्यापेक्षा चोळणं जास्त काम करतं. कनेक्टिकटमधल्या २००० सालच्या एका अभ्यासात नळाच्या पाण्याने बारापैकी नऊ औषधांचे अंश कमी झाले होते, आणि औषध पाण्यात किती विरघळतं याचा निघण्याशी संबंध दिसला नव्हता. बराचसा भाग चोळण्यानेच सुटतो.

खायचा सोडा उपयोगी आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात लिटरला १० ग्रॅम सोड्याच्या पाण्याने सफरचंदाच्या पृष्ठभागावरचं थायाबेंडाझोल १२ मिनिटांत आणि फॉसमेट १५ मिनिटांत निघालं. पण थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के भाग आधीच सालीत शिरला होता, तो सोड्याला सापडला नाही. आणि ती सफरचंदं औषध लावल्यावर एका दिवसात धुतली होती. आपल्या घरी फळ येतं तोवर बरंच काही मुरलेलं असतं. सोडा म्हणजे दोन लहान चमचे लिटरला, पंधरा मिनिटं, मग साध्या पाण्याने खळखळून.

साबण, भांड्याची पावडर, कपड्याचं ब्लीच फळाला लावू नका. सालीतून ते आत शिरतं. बोरं आणून लगेच धुऊन ठेवू नका, ओली राहून सडतात. खायच्या वेळी धुवा. केळी, मोसंबी, डाळिंब सोलण्याआधी धुवा, नाहीतर सालीवरचं बोटांनी गरावर येतं. मोसंबीचा रस सालीसकट दाबून काढणाऱ्याला आधी सोलायला सांगा, सालीचं तेल रसात उतरतं.

केळी पिकवण्याच्या पावडरचा प्रश्न वेगळा आहे. कॅल्शियम कार्बाइड कीटकनाशक नाही, आणि ते फळ पिकवायला वापरायला बंदी आहे. इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूच्या चेंबरमध्ये पिकवलेल्या केळीला त्यात ओढू नका.

वाळवण आणि लोणचं याकडे मात्र लक्ष हवं. बोरं वाळवली की पाणी जातं, पण न उडणारं औषध तेवढंच उरतं, म्हणजे किलोमागे वाढतं. लिंबाच्या लोणच्यात आपण सालच खातो. "मुरलं की सगळं मरतं" ही समजूत औषधाच्या बाबतीत खरी नाही, कारण पुष्कळ औषधं आंबट माध्यमात उलट जास्त टिकतात. वर्षभर बरणीत राहणारं लिंबू निवडताना म्हणूनच सर्वांत जास्त काळजी घ्या.

आमच्याकडे त्यासाठी विहिरीजवळची चार झाडं ठेवली आहेत. हस्त बहारात फळ गोटीएवढं झालं की त्यांना लाल फडकी बांधतो आणि पंप तिथे न्यायचा नाही हे गड्याला दाखवून देतो. वाऱ्याने तुषार येऊ नयेत म्हणून शेजारच्या दोन ओळी वारा पडलेला असताना, पहाटे फवारतो. त्या झाडांची लिंबं डागाळलेली असतात, थोडी कोळशी असते. आत्या ती चोळून धुतात, फडक्याने कोरडी करतात, दिवसभर सुपात पसरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी चिरायला घेतात. बोरांच्या झाडाला शेवटचा फवारा कधी झाला ती तारीख मी आता खोडावरच्या पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहितो, त्याखाली "तोड" लिहून दुसरी तारीख. ती तारीख उलटली की मुलांना झाडाखाली सोडायचं.